फोटॉन काउंटर खोटं बोलतो तेव्हा कुठे बघायचं

डिटेक्टर प्रत्येक फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या कणामागे, एक विद्युत पल्स देतो आणि काउंटर ते पल्स मोजतो. काउंटर सेकंदाला १,००,००० दाखवतोय. हा आकडा खरा की खोटा, हे आकड्याकडे कितीही वेळ बघितलं तरी कळत नाही. प्रत्येक फोटॉन दोनदा मोजला जात असेल किंवा निम्मे निसटत असतील, तरी मोजणीचा वक्र छानच दिसतो आणि प्रकाश वाढवला की आकडाही वाढतो. चूक कुठली हे आकड्याच्या डगमगण्यावरून ओळखता येतं. पण आधी इलेक्ट्रॉनिक्स वेगळं तपासून घ्यायला हवं.

डिटेक्टर काढून ठेवा आणि त्याच केबलमधून पल्स जनरेटरचे १० नॅनोसेकंद रुंदीचे, १ मेगाहर्ट्झचे पल्स द्या. १० मिलिसेकंदांच्या खिडकीत (एका मोजणीच्या कालावधीत) १०,००० यायला हवेत, एखाददुसरा कमीजास्त चालेल. पल्स मोजणाऱ्या एफपीजीएच्याच (हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपच्या) दुसऱ्या पिनवरून काढण्याचा मोह टाळा. एकाच क्लॉकवर दोघं चालले की पल्स आणि सॅम्पलिंग यांचं नातं ठरलेलं राहतं आणि नेमकी जी चूक शोधायची ती झाकली जाते. जनरेटर स्वतंत्र क्लॉकचाच हवा.

इथे मोजणी कमी आली तर बहुतेक वेळा सॅम्पलिंगचं प्रकरण असतं. १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक दर १० नॅनोसेकंदांनी बघतो. ८ नॅनोसेकंदांचा पल्स क्लॉकच्या दोन कडांच्या मधून सरळ निघून जाऊ शकतो. पल्सनेच चालणारा ग्रे कोड काउंटर ठेवा आणि त्याची किंमत दोन फ्लिपफ्लॉपमधून (एकेक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटांतून) सिस्टिम क्लॉकवर आणा. साधा बायनरी काउंटर असा आणला तर ४०९५ वरून ४०९६ होताना तेरा बिट एकदम बदलतात आणि मधलाच कुठला तरी आकडा वाचला जातो. ग्रे कोडमध्ये एका पावलाला एकच बिट बदलतो. पल्स मात्र क्लॉकसाठी असलेल्या पिनवर द्या. प्रत्येक खिडकीनंतर काउंटर शून्य करू नका, आधीची किंमत वजा करा. म्हणजे रीसेटच्या क्षणी आलेला फोटॉन हरवत नाही.

काउंटर १६ बिटांचाच असेल तर ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. खिडकीत १,००,००० आले की ३४,४६४ दिसतात. प्रकाश वाढवल्यावर आकडा अचानक पडला, तर डिटेक्टरवर संशय घेण्याआधी हे बघा.

आता केबल. एसपॅड (एकेक फोटॉन टिपणारा सेमीकंडक्टर डिटेक्टर) मॉड्यूलचं आउटपुट बहुधा टीटीएल असतं, म्हणजे ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, ३.३ व्होल्टची एफपीजीए पिन त्याने मरू शकते. मध्ये ७४एलव्हीसी१जी१७सारखा ५ व्होल्ट सोसणारा श्मिट बफर टाका आणि बफरच्या तोंडाशीच ५० ओहम जमिनीला जोडा. ५० ओहम लावल्यावर पल्सची उंची किती उरते ते स्कोपवर बघायला विसरू नका. रोधच नसेल तर पल्स टोकावरून परत फिरतो. नेहमीच्या कोॲक्समध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे २ मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन २० नॅनोसेकंद, आणि तेवढ्या उशिराने भूत पल्स मोजला जातो.

फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एका फोटॉनमागे इलेक्ट्रॉनांचा लोंढा देणारी नळी, हिचं गणित वेगळं आहे. १० लाख गेनला (इलेक्ट्रॉन १० लाखपट झाले की) एका फोटॉनचा विद्युतभार ०.१६ पिकोकूलोम भरतो. ५ नॅनोसेकंदांत आणि ५० ओहमवर तो जेमतेम १.६ मिलिव्होल्ट होतो. ॲम्प्लिफायर आणि डिस्क्रिमिनेटर (उंबरठ्यापेक्षा उंच पल्सच पुढे सोडणारं सर्किट) यांच्याशिवाय एफपीजीएला तो दिसणारच नाही. डिस्क्रिमिनेटरचा उंबरठा हळूहळू वाढवत मोजणीचा आलेख काढा. आधी गोंगाटाची तीव्र घसरण येते, मग सपाटीसारखा भाग. उंबरठा त्या सपाटीवर ठेवा, कडेवर नको.

आता डिटेक्टर परत जोडा. मंद, स्थिर एलईडी घ्या, डीसीवर चालणारा. पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) मंद केलेला अजिबात नको. १ मिलिसेकंदाच्या खिडकीत सरासरी १०० मोजणी येतील इतका प्रकाश ठेवून १०,००० खिडक्या नोंदवा. दहा सेकंदांचं काम आहे. मग प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) भागिले सरासरी काढा. खऱ्या पॉयसन (एकमेकांशी संबंध नसलेल्या, यादृच्छिक घटनांच्या) मोजणीत हे गुणोत्तर १ येतं आणि इतक्या खिडक्यांत त्याची अनिश्चितता सुमारे १.४ टक्के असते.

गुणोत्तर २ आलं, तर प्रत्येक फोटॉन दोनदा मोजला जातोय: परावर्तन, किंवा पल्सच्या कडेवरची थरथर. १.१ च्या आसपास असेल तर आफ्टरपल्सिंग (डिटेक्टरने मागाहून दिलेला खोटा पल्स) धरा. ५ टक्के फोटॉनांमागे एक जादा पल्स आला की हिशेबाने १.१० येतं. शून्याजवळ गेलं तर तुम्ही प्रकाश मोजतच नाही, कुठल्या तरी क्लॉकचं क्रॉसटॉक (शेजारच्या तारेतून शिरलेला सिग्नल) मोजताय. खिडकी १०० मिलिसेकंदांची केल्यावर गुणोत्तर चढत गेलं, तर प्रकाशच हलतोय, कारण १ टक्का अस्थिरतेने १०० मोजणींच्या खिडकीत जेमतेम ०.०१ भर पडते, पण १०,००० मोजणींच्या खिडकीत तीच भर पूर्ण १ होते. म्हणूनच सुरुवातीला खिडकी लहान घेतली.

दोन पल्समधल्या अंतराचा हिस्टोग्रॅम काढता आला तर शंकाच उरत नाही. तो घातांकी उतरायला हवा. २० नॅनोसेकंदांवर किंवा त्याच्या पटीत टोक दिसलं तर केबल बदलून ३ मीटरची लावा. टोक ३० च्या पटीत सरकलं तर ते परावर्तन. जागचं हललं नाही तर आफ्टरपल्सिंग किंवा डिस्क्रिमिनेटर.

डेड टाइम, म्हणजे एका पल्सनंतर डिटेक्टर आंधळा असतो तो वेळ, सेकंदाला १,००,००० ला जाणवत नाही. १० लाखांना ५० नॅनोसेकंदांचा डेड टाइम असेल तर खरी मोजणी १०,००,००० भागिले ०.९५, म्हणजे सुमारे १०,५२,६०० असते. हे सूत्र एसपॅडसाठी ठीक. फोटोमल्टिप्लायरमागचा डिस्क्रिमिनेटर मात्र चिकटलेल्या पल्समुळे उंबरठ्यावरच अडकून राहू शकतो आणि जास्त प्रकाशात मोजणी चक्क उतरते.

राहिला अंधार. एलईडी बंद करूनही मोजणी जास्त असेल तर खोलीत काळोख करा आणि टॉर्च पेटीच्या सांध्यांवरून फिरवा. फायबरचं पिवळं आवरण प्रकाश आत घेतं, काही काळी प्लास्टिकं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, आणि एफपीजीए बोर्डावरचे लुकलुकणारे एलईडी तर सगळ्यात आधी झाका. फोटोमल्टिप्लायर उघड्या उजेडात राहिला असेल तर व्होल्टेज बंद असलं तरी त्याची अंधारमोजणी काही तास चढलेली राहते; आदल्या संध्याकाळीच झाकून ठेवा आणि उजेडात त्याला हाय व्होल्टेज कधीही देऊ नका.