तारखांची वही

नववीत असताना धर्मशिक्षणाच्या तासाला एक सिस्टर पाचारणाविषयी बोलायला आल्या होत्या. पाचारण म्हणजे देवाची हाक. तास संपता संपता त्यांनी विचारलं, "धर्मगुरू किंवा सिस्टर व्हावंसं कोणाकोणाला वाटतं?" तीन हात वर गेले. सिस्टरांनी तिघांची नावं लिहून घेतली, सगळ्यांसाठी प्रार्थना केली आणि त्या गेल्या. मागच्या बाकावर आमच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्या गणित शिकवायच्या आणि आमचा धर्मशिक्षणाचा तासही त्यांच्याकडेच होता. संसारी बाई, दोन मुलांची आई. वहीतून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्या एकोणतीस जणांना हाक मारायची देव विसरला का रे?"

कुणी काही बोललं नाही. मला तर प्रश्नच कळला नव्हता. माझ्या लेखी पाचारण ही झगा घालणाऱ्यांची गोष्ट होती. आपण मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं, आज्ञा पाळायच्या आणि चांगलं वागायचं, एवढंच आपल्या वाट्याचं.

बाईंनी उत्तर दिलं नाही, गृहपाठ दिला. "उद्या प्रत्येकानं आपल्या स्नानसंस्काराची तारीख घेऊन यायचं." वाढदिवस सगळ्यांना पाठ होता, पण ही बाप्तिस्म्याची तारीख एकालाही माहीत नव्हती. घरी आईनं कपाटातून जुना दाखला शोधून काढला. मी चोवीस दिवसांची असताना माझा स्नानसंस्कार झाला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी आमच्या तारखा एका वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "फादरांना त्यांच्या गुरुदीक्षेची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. ही तुमची तारीख आहे. हाक त्या दिवशीच आली."

ही स्मरणिका इतर धर्मांच्या माझ्या वर्गमैत्रिणीही वाचतील, म्हणून थोडं उलगडून सांगते. स्नानसंस्कारात बाळाच्या डोक्यावर पाणी ओतल्यावर त्याला पवित्र तेलाचा अभ्यंग करतात. ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा आहे, त्याच्या या तिन्ही कामांत आता हे बाळही सहभागी झालं, असं त्या वेळी म्हटलं जातं. धर्मगुरूंचं याजकपण वेगळं आहे, त्यांच्या हातून साक्रामेंत, म्हणजे देवकृपेचे पवित्र संस्कार, मिळतात, आणि ते ओझं पेलणाऱ्यांविषयी मला आयुष्यभर आदर वाटत आला आहे. पण शिक्षिका, वडील, परिचारिका, कारकून यांनाही स्वतःचं पाचारण आहे आणि ते दुय्यम नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेनं, हे निःसंदिग्ध शब्दांत मांडलं. ख्रिस्तसभेविषयीचा, म्हणजे चर्चविषयीचा, तिचा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला. त्यात एक आख्खं प्रकरण प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या श्रद्धावंतांवर, आहे, आणि पवित्र होण्याची हाक सर्वांना आहे, हे सांगायला दुसरं एक प्रकरण दिलं आहे. प्रापंचिकांचं क्षेत्र कोणतं, तर जग: घर, धंदा, कचेरी, राजकारण. पिठातल्या खमिरासारखं त्यांनी आतून काम करायचं आहे.

मी नववीत होते ते वर्ष १९८९. आदल्याच वर्षी, ३० डिसेंबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांचं प्रापंचिकांच्या पाचारणावरचं दीर्घ पत्र प्रसिद्ध झालं होतं. बाईंनी ते कुठूनसं मिळवलं होतं. त्यातला एक मुद्दा त्या वारंवार सांगायच्या: माणसाची दोन आयुष्यं समांतर धावू शकत नाहीत, एक भक्तीचं आणि दुसरं व्यवहाराचं. गणिताच्या बाईंच्या तोंडून 'समांतर' हा शब्द आला की आम्हाला फळ्यावरच्या, कधीच न भेटणाऱ्या त्या दोन रेषा दिसायच्या.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंचा गट भरायचा. पाहा, पारखा, कृती करा, ही त्याची रीत. ती घालून दिली बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन यांनी. धर्मगुरू होण्यासाठी ते शिकत होते, तेव्हा त्यांच्या वयाचे शाळासोबती कारखान्यांत कामाला लागले होते. सुट्टीत हे घरी आले, तर तेच सोबती त्यांना परक्यासारखे वागवू लागले. ख्रिस्तसभा आपली नाही, मालकांची आहे, असं त्या मुलांना वाटत होतं. ती जखम कार्डाइन यांच्या मनातून कधी गेली नाही. कामगार तरुणांपर्यंत कामगार तरुणांनीच जायचं, या विश्वासावर त्यांनी चळवळ उभी केली. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात याच तीन पायऱ्यांची शिफारस केली. शाळासोबत्यांच्या दुराव्यातून निघालेली ही रीत मला शाळेतच मिळाली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आमच्या वर्गातली एक मुलगी वरचेवर गैरहजर राहायची. गटात तिचा विषय निघाला आणि आम्ही लगेच वर्गणी काढायला निघालो. बाईंनी थांबवलं. "अजून पाहिलं कुठे तुम्ही?" मग तीन आठवडे आम्ही फक्त पाहत होतो. तिच्याशी बोललो, तिच्या घरी गेलो, तिच्या आईचं ऐकून घेतलं. आई पहाटेच कामाला जायची आणि धाकट्या भावंडांना सांभाळून निघता निघता मुलीचे पहिले दोन तास बुडायचे. त्यातला एक गणिताचा. तिला पैसे नको होते, बुडालेला तास हवा होता. मग आम्ही शुभवर्तमानातला एक उतारा वाचला. बार्तिमय या आंधळ्याला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? ज्याला दिसत नाही, त्याला हा प्रश्न! तरी तो विचारतो. त्यानंतर आम्ही चौघी आळीपाळीनं संध्याकाळी तिला गणित सांगायला जाऊ लागलो. नेतृत्व म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. पुढे पुष्कळ शिबिरं केली, पण याहून वेगळं काही हाती लागलं नाही.

दहावीच्या आधी बाई आम्हाला तीन दिवसांच्या मौनसाधनेला घेऊन गेल्या. संत इग्नाशियस लोयोला यांच्याविषयी तिथेच कळलं. १५२१ च्या लढाईत पायावर तोफगोळा बसलेला हा सैनिक. आपल्या आध्यात्मिक साधनेची टिपणं तो लिहू लागला, तेव्हा तो धर्मगुरू नव्हता. गुरुदीक्षा त्याला १५३७ मध्ये मिळाली. त्याची रोजची आत्मपरीक्षणाची पद्धत बाईंनी शिकवली. रात्री दहा मिनिटं बसायचं, दिवसाबद्दल आधी आभार मानायचे, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागून दिवस पुन्हा पाहायचा, चुकलं असेल तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा दिवस देवाच्या हाती द्यायचा. आभार आधी, चुका नंतर, हा क्रम बदलायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मी तो क्रम बदलला नाही, पद्धतच सोडून दिली. कॉलेजात तरुणांच्या गटाची प्रमुख झाले. शिबिरं, मेळावे, रक्तदान, एकापाठोपाठ एक. प्रार्थनेला वेळ उरेना. मी लोकांवर ओरडू लागले, कामं वाटण्याऐवजी हुकूम सोडू लागले. एक गुणी मुलगा काही न बोलता गट सोडून गेला, आणि का गेला हे विचारायलाही मी गेले नाही. बाईंना भेटून मी वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तू केलंस. देवानं या वर्षी काय केलं, ते सांग." मला एकही वाक्य सुचलं नाही. त्या रात्री दहा मिनिटं बसले, आणि त्यानंतर क्वचितच चुकवलं असेल.

मी व्यवसायानं लेखापरीक्षक आहे. एकदा हिशेबात एक मोठी रक्कम दोनदा खर्ची पडलेली सापडली. वरिष्ठ म्हणाले, सोडून द्या. बिलावर एका कनिष्ठ कारकुनाची सही होती आणि माझा राग सरळ त्याच्यावर गेला. पण शनिवारची सवय आड आली: आधी पाहा. सगळी व्हाउचरं काढून पाहिली, त्याच्याशी बोलले. सही त्याच्याकडून करवून घेतली होती. मी अहवालात रक्कम लिहिली आणि ती कोणाच्या आदेशावरून गेली, हेही लिहिलं. ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं. कित्येक रात्री झोप लागली नाही. त्या दिवसांत मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेताना, हे इथलं आणि ते तिथलं, असं काही वेगळं राहिलंच नव्हतं. समांतर रेषा त्या वर्षी मिटल्या.

म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपण प्रापंचिक पुढाऱ्याची किंमत तो वेदीच्या किती जवळ उभा राहतो, यावरून करतो. वाचन कसं करावं, मिरवणूक कशी न्यावी, याचं प्रशिक्षण देतो. ते हवंच. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं स्त्रियांना खुली केली, त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाचं सेवापद सुरू केलं, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. बाई हे काम कोणत्याही पदाविना करत आल्या होत्या. पण सोमवारी सकाळी कचेरीत खोट्या बिलासमोर बसलेल्या माणसाची तयारी कोण करून घेतं? त्याला पारखायला कोण शिकवतं? माझ्यासाठी ते एका गणिताच्या बाईंनी केलं.

बाई आता नाहीत. मी दर शनिवारी मुलींचा एक गट घेते. सध्या आम्ही 'पाहा'वर आहोत, तिसरा आठवडा चालू आहे.

बाईंची ती वही मात्र मला हवी आहे. निळं पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ, पुढे हजेरी, मागे आमच्या तारखा. ज्याची तारीख असेल, त्याचं नाव त्या दिवशी हजेरीत त्या उभ्या राहून घ्यायच्या. शाळेच्या कपाटात किंवा कोणा माजी विद्यार्थ्याकडे ती असेल, तर मुख्याध्यापकांकडे पोचवावी. बत्तीस तारखा आहेत तिच्यात. ज्यांच्या पत्त्यांचा शोध लागेल, त्यांना मी त्या त्या दिवशी पत्र पाठवणार आहे.