माह्यावाला आवाज

आमच्या गावच्या राईस मिलमधल्या काट्यावर आजवर धान चढलं, तांदूळ चढला, कोंडा चढला, मिलवाल्याचा नातू दर वाढदिवसाला चढतो, आणि एकदा माझा बेस गिटार चढला. आकडा आला ४ किलो ६५० ग्रॅम. पोत्यावर बसलेला हमाल गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ओलावा दिसते भाऊ यात. अर्धा किलो कडता धरू का?"

काट्यापर्यंत जायची वेळ आली ती डाव्या खांद्यामुळे. दिवाळीनंतर धान कापून, चुरून झालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण. तिथून कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेच संपतं. खरं सांगायचं तर या नाटकाला बेसची, म्हणजे खालचे सूर धरणाऱ्या गिटारीची, गरज नसते. ऑर्गन असतो, तबला असतो, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतो. खालचे सूर कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळून घेतो. पण एका कंपनीतल्या कीबोर्डवाल्याला तो डावा हात सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळायला मोकळा हवा होता, म्हणून माझी वर्णी लागली. कलेच्या क्षेत्रात माणसाला संधी कशी मिळेल सांगता येत नाही.

नाटकात वादकांना बसायला मिळतं. खांदा मोडतो तो एप्रिलमध्ये, जयंतीच्या ऑर्केस्ट्रात. १४ एप्रिलच्या आगेमागे आम्ही रात्र-रात्र भीमगीतं वाजवतो, आणि ती उभ्यानंच. पहिल्या दोन तासांत काही कळत नाही. तिसऱ्या तासाला पट्ट्याखाली मुंग्या येतात, चौथ्याला मान एका बाजूला झुकते आणि पुढं बसलेल्या आजीबाईंना वाटतं, पोरगा गाण्यात किती रंगलाय!

तो जड बेस मी बारा वर्षांपूर्वी नागपूरला सीताबर्डीवरून घेतला होता. घेताना काय पाहिलं? रंग. मधासारखा रंग, त्याखाली लाकडाच्या रेघा, वर अशी चकाकी की मिशी विंचरून घ्यावी. दुकानदारानं स्टूल दिलं, मांडीवर बेस ठेवला, मोठ्या अँप्लिफायरला जोडून दिला. नव्याकोऱ्या तारा आणि तेवढा मोठा स्पीकर असला की पाटावरवंटाही गोड वाजेल. मी दहा मिनिटं वाजवला आणि पैसे मोजले. उभं राहून एकदाही पाहिलं नाही. स्टुलावर बसून बेस निवडणं म्हणजे खाटेवर बसून बैल निवडण्यासारखं आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, "चारच तारा? बाकीच्या दोन दुकानातच तुटल्या का रे?" एवढ्या पैशात शेजारच्या पोट्ट्याच्या गिटारीला सहा तारा आल्या होत्या, याचं तिला अजून वाईट वाटतं.

तर काटा झाला, आकडा कळला, आणि मी हलक्याच्या मागे लागलो. ज्याला खांदा दुखतो त्याला जगातली प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये दिसायला लागते. शेवटी एक बेस पार्सलनं मागवला. वजन ३ किलो १००. म्हणजे दीड किलोवर वाचले! त्या आनंदात मी तो गळ्यात घातला, दोन्ही हात सोडले, आणि बेसनं मान टाकली. डोक्याकडची बाजू सरळ जमिनीकडे गेली.

याचं कारण मला कुठल्या पुस्तकातून नाही, आमच्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून कळलं. बंडीत मागं भार जास्त झाला की ती उलार होते. धुरा वर उचलला जातो, बैलांचे पाय जमिनीवर नीट टेकेनात. पुढं भार जास्त झाला की तो सगळा बैलांच्या मानेवर. बाबा धानाची पोती भरताना शेवटची दोन पोती लगेच ठेवत नसत. बैलांच्या मानेकडे पाहत थांबायचे, मग एक पोतं वीतभर मागं सरकवायचे. काटा एकूण ओझं सांगतो. ते कुठं आहे ते सांगत नाही. माझ्या नव्या बेसचं अंग हलक्या लाकडाचं होतं, पण डोक्यावरच्या, तारा पिळायच्या चार चाव्या जुन्या पद्धतीच्या, भरभक्कम. सगळा भार धुरेवर. आणि इथं बैल कोण, तर माझा डावा हात. जो हात तारा दाबायला मोकळा हवा, तो रात्रभर दांडा वर धरून उभा. खांद्याचं दुखणं मनगटात उतरलं, एवढाच काय तो फायदा.

पट्टा अडकवायची वरची खुंटी साधारण बाराव्या पडद्याच्या, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीच्या, रेषेत आली की तोल बरा राहतो, हे मला पुढं कळलं. माझ्या त्या हलक्या बेसचं वरचं शिंग, म्हणजे अंगाचं पुढं आलेलं टोक, आखूड होतं, खुंटी मागं राहिली होती. चाव्या बदलून हलक्या लावता येतात. मी तेही करून पाहिलं. थोडा फरक पडला. पण एकदा मनातून उतरलेलं जनावर आणि एकदा मान टाकलेला बेस, दोन्ही दावणीला ठेवू नयेत. विकून टाकला.

या काळात मी वाचायलाही लागलो. हे वाद्य आलं कुठून, तर १९५१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थानं ते बाजारात आणलं. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच उभं वाद्य. ते वाहून न्यायचं म्हणजे नवरदेवाच्या वरातीइतकी तयारी. फेंडरनं ते गळ्यात अडकवण्याजोगं केलं, दांड्यावर पडदे बसवले, आणि पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. गंमत म्हणजे फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, पहिल्या बेसचं अंग सरळ कडांच्या फळीसारखं होतं, ते बरगडीला आणि कोपराला रुतायचं. १९५४ मध्ये त्या कडा घासून अंगाला उतार दिला गेला. वाजवणारे कण्हले असतील, दुसरं काय!

१९६० मध्ये त्याच कंपनीनं जाझ बेस आणला. त्याची मान, म्हणजे दांडा, डोक्याजवळ जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद. प्रिसिजनची साधारण ४२ ते ४४. चार-पाच मिलिमीटरनं काय फरक पडतो, असं हाताला विळा न लागलेला माणूसच विचारू शकेल. माझ्या डाव्या करंगळीवर एका धानकापणीची खूण आहे, ती पूर्ण उघडत नाही. तारेची लांबी हा तर आणखी वेगळा विषय. नेहमीच्या बेसची ती ३४ इंच असते, छोट्याची ३०. ३४ इंचावर पहिलं घर, म्हणजे पहिल्या पडद्यापर्यंतची जागा, सुमारे ४८ मिलिमीटरचं, ३० वर ४३. दिसायला कमी, पण रात्री दोन वाजता, थंडीनं बोटं आखडलेली असताना, ते पाच मिलिमीटर म्हणजे दोन गावांतलं अंतर वाटतं. छोटा बेस मी एका लग्नातल्या वादकाचा मागून वाजवून पाहिला. हाताला अगदी लहान भावासारखा. पण त्याची जाड तार जरा ढिली, गुबगुबीत वाजते. काहींना तेच आवडतं. मला ती तार आमच्या सरपंचांच्या भाषणासारखी वाटली. आवाज मोठा, टोक सापडत नाही.

आता आवाजाचं. माझ्या जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. आमच्या भागातल्या कार्यक्रमांत अजूनही लांबच्या कोपऱ्यासाठी झाडावर भोंगा बांधतात. भोंग्यातून ४१ कंपनं बाहेर पडणं म्हणजे सुईच्या नाकातून म्हैस जाणं. तरी लांब बसलेल्या माणसाला बेसची चाल कळते. कारण त्या सुरासोबत वरचे सूरही निघतात, भोंगा तेवढे सोडतो, आणि खालचा राहिलेला सूर माणसाचा कान स्वतःच भरून काढतो. हे कळलं त्या दिवशी मला प्रेक्षकांबद्दल फार कृतज्ञता वाटली. बिचारे तिकीट काढून येतात आणि वर अर्धा बेस स्वतःच वाजवतात.

त्यामुळे दुकानातला तो पोटात घुमणारा आवाज आमच्या कामाचा नाही, हे मनाशी पक्कं झालं. बेस ऐकायचा तो आधी वायर न जोडता. अंगाशी धरून मोकळी तार छेडायची. पोटाला लागते का? वरच्या शिंगावर हनुवटी टेकून पाहायची. हाडातून सूर कवटीत चढतो. काही बेस तिथंही मुके असतात. रंग कितीही मधासारखा असो.

बॅटरीवाल्या बेसची हौसही करून झाली. मित्राचा होता, एका हंगामासाठी वापरायला दिला. आत ९ व्होल्टची बॅटरी, आवाज कसा लख्ख! पण वायर खोचलेली राहिली की बॅटरी हळूहळू उतरत राहते. मी दुपारी आवाज तपासून वायर तशीच ठेवली आणि जेवायला गेलो. नायिका विष प्यायला निघाली त्या प्रवेशात बेस घसा बसल्यासारखा फाटला आणि गप्प झाला. रात्री दीड वाजता, जंगलालगतच्या गावात, ९ व्होल्टची बॅटरी! पानठेल्यावर विचारलं तर त्यानं टॉर्चचे दोन सेल काढून दिले. वर म्हणाला, "जोडून पाहा ना, होते कधी कधी."

तारांचंही तसंच. गोल वळणाच्या तारा नव्या असताना झणझणीत वाजतात, घाम आणि मळ बसला की मंदावतात. नवा संच महाग, म्हणून आम्ही जुन्या तारा पाण्यात उकळतो. मळ निघतो, आठ-पंधरा दिवस पुन्हा झणका येतो. आई एकदा चुलीवरच्या गंजात डोकावून म्हणाली, "शेवया आहेत का?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. वरून सपाट असलेल्या तारांचं असं नाही. त्या मुळातच मवाळ, जितक्या जुन्या तितक्या मुरतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारा जेम्स जेमरसन असल्याच तारा वापरायचा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. एकच! मी दोन बोटं वापरतो आणि तरी मागं पडतो.

शेवटी माझा बेस मिळाला तो चंद्रपूरला. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक काका होते, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मी सवयीनं सोफ्यावर बसायला गेलो, तर म्हणाले, "बसू नका. पहिले उभे राहा. चहा व्हायचा आहे अजून." बेस गळ्यात घालून दिला आणि स्वतः आत गेले. चहा आला, पोहे आले, काकूंनी माझ्या गावाची, धानाच्या भावाची, लग्नाची चौकशी केली, मी उभाच. तासभरानं काकांनी विचारलं, "खांदा आठवला का?" आठवला नव्हता. हात सोडून पाहिले. बेस जागच्या जागी, पोट भरलेल्या वासरासारखा उभा. मान अरुंद, तारा सपाट आणि इतक्या जुन्या की त्यांचा रंग पितळी भांड्यासारखा झालेला. रंग उडालेला, खाली एक टवका. मी एक मोकळी तार वाजवली. आवाज मोठा नव्हता. ठक्क करून लागला आणि तिथंच थांबला, ओल्या मातीत खुंटा ठोकल्यासारखा. तेव्हाच माझ्या तोंडून निघून गेलं, "हा माह्यावाला आवाज आहे." काका म्हणाले, "नाही, माह्यावाला. तुमचा व्हायला एक-दोन हंगाम लागतील."

गावी आल्यावर पहिलं काम म्हणजे राईस मिल. ३ किलो ८००. हमालानं आकडा पाहून मान हलवली, "हा वाळवून आणला."

पट्टाही नवा केला. विकत मिळतो तो दोन बोटं रुंद, दोरीसारखा रुततो. तालुक्याच्या बाजारात चपला-बॅगा शिवणाऱ्या काकांकडून चार बोटं रुंद चामडं घेतलं, आतून जुन्या मोटरसायकलच्या सीटचा फोम शिवून घेतला. दिसायला बैलाच्या झुलीसारखा दिसतो, पण वजन पसरतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की दांडा आपली जागा बदलतो, तारा पडद्यांना घासून खर्रखर्र करतात; पावसाळ्यात उलट, तारा उंच उठतात. तेव्हा छोट्या किल्लीनं दांड्यातली सळई पाव वेढा फिरवायची. एवढं सोडलं तर या बेसची काही मागणी नाही.

जुना जड बेस मी शेजारगावच्या एका पोराला हप्त्यानं दिला. पोरगा सहा फूट, खांदे असे की वखर ओढेल. यंदा जयंतीला त्याच्या गावच्या मंडपात मी प्रेक्षकांत बसलो होतो. माझाच बेस, मधाच्या रंगाचा, दिव्यात चमकत होता, आणि आवाज मात्र मला ओळखू येईना. मी ज्या तारेला नुसता हात लावायचो तिला हा पोरगा खडसावत होता. पुढं-पुढं पळणारा, रांगडा, जरा जास्तच मोठा. माझ्या हातात तो बेस बारा वर्षं होता, आणि एवढं सगळं त्याच्यात होतं याची मला खबर नव्हती.

मध्यंतरात तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला. पायाला हात लावला, डावा खांदा चोळत थोडा घुटमळला.

"काका," तो म्हणाला, "तो पट्टा तुम्ही कोनाकडून शिवला?"