एका पायावर

परवा दुपारी उभ्याने पायजमा घालताना माझा हात आपणहून भिंतीकडे गेला. तोल गेला नव्हता, साधा झोकही गेला नव्हता. मला न विचारता हाताने आधार शोधून ठेवला होता, इतकेच. साठी उलटल्यावर माणसाने पलंगावर बसून कपडे करावेत, असे घरच्यांचे मत आहे. मला ते मान्य नाही. बसून पायजमा घालणे हे आजारी माणसाचे काम, असे माझे जुने आणि बिनबुडाचे मत आहे.

शाळेमागच्या मुरमाड मैदानावर आम्ही लंगडी खेळत असू. फक्कीने आखलेल्या चौकोनात एक पाय मागे दुमडून शिरायचे, पुढच्याची हुलकावणी ओळखून त्याच क्षणी अंग वळवायचे आणि उचललेला पाय टेकला की मुकाट्याने बाहेर यायचे. ही सारी करामत पायांची आहे, अशीच तेव्हा आमची समजूत होती.

पायांना हुकूम देणारा मेंदू असतो आणि वयाबरोबर त्याच्याकडचे डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारे रसायन, घटत जाते. आर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवलेला प्रयोग मला विसरता येत नाही. सर्पगंधेपासून मिळणारे, मेंदूतले डोपामिन संपवणारे रेसरपिन हे औषध दिल्यावर ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मेंदू ज्यापासून डोपामिन बनवतो तो एल-डोपा टोचल्यावर तेच ससे थोड्या वेळात पुन्हा हिंडूफिरू लागले. त्यांच्या पायांना काहीच झालेले नव्हते. हा डोपा मेंदूत घडवण्याचे काम टायरोसिन हायड्रॉक्सिलेज नावाचे प्रथिन करते, आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशींना तगवणाऱ्या द्रव्यांमध्ये बीडीएनएफ हे दुसरे एक प्रथिन मोडते, जे १९८२ मध्ये प्रथम डुकराच्या मेंदूतून वेगळे काढण्यात आले. मटकीची उसळ कितीही खाल्ली तरी ते बाहेरून मिळत नाही. मेंदूला ते घरीच करावे लागते.

व्यायामाने मेंदूतले बीडीएनएफ वाढते, हे १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील उंदरांनी दाखवून दिले. पिंजऱ्यात चाक ठेवलेले होते आणि उंदीर आपल्या खुशीने त्यात पळत होते, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांना पहाटे हाक मारून उठवणारे कोणी नव्हते. पुढे २०११ मध्ये १२० वयस्कर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटे चालण्याचा नेम केला, तेव्हा वर्षभरात त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र आक्रसला.

हे वाचल्यापासून मीही चाळीस मिनिटांच्या बोलीवर घराबाहेर पडतो. फाटकापाशी कोणीतरी भेटतेच, मग पाण्याची वेळ, गुडघे, मुलांच्या नोकऱ्या असे विषय निघतात आणि त्यातली निम्मी मिनिटे उभ्यानेच सरतात. ती हिशेबात धरतात की नाही, कोण जाणे. मी तरी धरतो.