आमची वाटचाल : बिननावाचे गुलाब

मखमलाबाद रस्त्याला बारा गुंठ्यांत आमची रोपवाटिका. सुरुवातीला सगळे विकतात तेच आम्हीही विकायचो. लालभडक हायब्रीड टी (हल्लीचे मोठ्या फुलांचे गुलाब), दिवाळीला गर्दी, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके. पैसे मिळत होते, खोटं कशाला बोला.

मग एक दिवस पंचवटीतल्या एक काकू ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आल्या. "वाडा पाडायला काढलाय. सासूबाईंच्या हातचं झाड, तेवढं जगवा." टोकाला एकच फूल होतं. गडद गुलाबी, चपटं, पाकळ्यांनी गच्च. वासाने बायको गल्ला सोडून बाहेर आली. फांदीवरचे सात डोळे खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या गुलाबावर, कलम करून भरले; दोन लागले.

बातमी हौशी मंडळींत पसरली आणि फांद्या येऊ लागल्या. जुना गुलाब म्हणजे 1867 सालच्या 'ला फ्रान्स' या पहिल्या हायब्रीड टीच्या आधीच्या वर्गांतला, एवढं तोवर आम्ही शिकलो होतो. पण आणलेल्यांतली बरीच झाडं निघायची नुसता खुंट! वरचं कलम केव्हाच मेलेलं, खालचा खुंट फोफावलेला. आता आम्ही फुलाआधी पानाच्या देठाचं बूड बघतो. तिथल्या उपपर्णांना, म्हणजे देठाला चिकटलेल्या इवल्या पानांना, झालर असली, की बहुधा मल्टिफ्लोरा, खुंटाला वापरतात तो रानगुलाब. हे सांगणं जिवावर येतं. आजोबांची आठवण म्हणून कुणी वीस वर्षं पाणी घातलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र आमचीच. गुलकंदासाठी दमास्क (जुना सुवासिक गुलाब) म्हणून एका गिऱ्हाइकाला चाळीस रोपं दिली. वर्षाने तक्रार आली, "अहो, याला बारमाही फुलं येतायत!" फुलं जास्त येतात म्हणून ओरडा खाणारा नर्सरीवाला मीच असेन. त्यांना हवा होता तो चैताच्या आगेमागे एकदाच फुलणारा. आम्ही दिला होता एडवर्ड. चायना गुलाब आणि ऑटम दमास्क यांचा आपसूक झालेला हा संकर, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा. बेटाचं जुनं नाव बुर्बों, म्हणून एडवर्डच्या वर्गातल्या गुलाबांना बोर्बन म्हणतात. अंगात दमास्कचं रक्त, त्यामुळे वासावर गेलो आणि फसलो. पैसे परत केले.

तेव्हापासून खात्री नसेल तर नाव लावत नाही. जिथे सापडला त्या जागेचं नाव देतो. काकूंच्या गुलाबाला एकाने 1843 सालचा 'सूव्हेनिर द ला माल्मेझों' ठरवून टाकलं होतं. पण तो फिकट, जवळजवळ दुधी, आमचा गडद. म्हणून पाटीवर लिहिलं 'पंचवटी गुलाबी'.

गेल्या थंडीत काकू चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीसाठी त्याचंच एक रोप न्यायला आल्या. पाटी वाचून हसल्या. "सासूबाई याला नुसतं 'थोरला' म्हणायच्या."

दुसऱ्या दिवशी पाटीवर तेही लिहून टाकलं.