झाकणाची फट मॉडेलमध्ये काढायची राहिली होती

गेल्या पावसाळ्यात आमचा एक कंट्रोल बॉक्स रेडिएटेड इम्युनिटीच्या (बाहेरच्या रेडिओ लाटा बॉक्स सहन करतो का ते बघायच्या) टेस्टला नापास झाला, म्हणजे आयईसी ६१०००-४-३ या मानकाप्रमाणे अँटेनाने बॉक्सवर १० व्होल्ट प्रति मीटरचं फील्ड टाकत ८० मेगाहर्ट्झपासून वर वर जायचं, तर ६२० च्या जवळ आलं की आतला प्रोसेसर रिसेट, परत चालू केलं, परत तिथेच रिसेट. मला ते पटतच नव्हतं कारण त्या बॉक्सचं सिम्युलेशन मी स्वतः केलेलं आणि शील्डिंगचा, म्हणजे डबा बाहेरचं फील्ड किती अडवतो त्याचा, ग्राफ बहुतेक बँडभर ५० डीबीच्या वर होता. ५० डीबी म्हणजे बाहेरचं फील्ड आत येईपर्यंत तीनशे पटीने कमी व्हायला हवं.

नाशिकला परत येताना सिन्नरपर्यंत डोक्यात एकच, सॉफ्टवेअर चुकलं का? दुसऱ्या दिवशी मॉडेल न उघडता सरळ अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेटर काकांकडे गेलो आणि तिथे उत्तर हातात आलं. झाकणाच्या फ्लँजवर (दुमडलेल्या कडेवर) आणि बॉडीच्या कडेवर दोन्हीकडे मस्त एकसारखं राखाडी पावडर कोटिंग, मध्ये पाणी जाऊ नये म्हणून फोमचं गॅस्केट, आणि स्क्रू फक्त चार कोपऱ्यांना. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब झाकणाच्या कडेला दुसरा बॉडीच्या कडेला लावला, बीप नाही. कडेने सरकवत गेलो, कुठेच नाही. फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवला की बीप.

माझ्या मॉडेलमध्ये मात्र झाकण आणि बॉडी युनाइट करून एक सलग धातू केलेला, उघडं काय तर केबलची चार भोकं. सॉफ्टवेअरने त्या बॉक्सचं उत्तर बरोबरच दिलं होतं, तो बॉक्स अंबडमध्ये कुणी बनवलाच नव्हता.

काका म्हणाले, "सर, सोळा गेजचा पत्रा आहे, अजून जाड घेऊ का?" हा प्रश्न मला खूप जण विचारतात म्हणून इथे लिहितो. पत्र्याच्या जाडीने या फ्रिक्वेन्सीला काही फरक पडत नाही, १०० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये करंट जेमतेम ८ मायक्रॉन आत शिरतो आणि आपला पत्रा दीड मिलिमीटरच्या वर. लाट पत्र्यातून येत नाही, फटीतून येते. आणि फटीची रुंदी नाही, लांबी बघायची. कागद जाईल एवढी बारीक फट पण दोन स्क्रूंमध्ये ३८० मिलिमीटर लांब असेल तर ती ३९५ मेगाहर्ट्झला अर्धी वेव्हलेंग्थ होते आणि चक्क अँटेनासारखी वागते. काकांना हे बोलून पटेना म्हणून माझा फोन त्याच बॉक्समध्ये ठेवला, चारही स्क्रू आवळले, त्यांच्या फोनवरून कॉल लावला. आत रिंग वाजली. मग दोघांनी मिळून दोन्ही कडांचं कोटिंग पॉलिश पेपरने घासून काढलं, फोम बाजूला, केबलच्या भोकांवर आणि सगळ्या फटीवर कॉपर टेप दाबून बसवली, आणि परत कॉल. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. काका काही बोलले नाहीत, नुसता टेपवरून अंगठा फिरवत राहिले.

घरी येऊन मॉडेल नव्याने केलं. बॉक्स आतून ४०० बाय ३०० बाय १५० मिलिमीटर, म्हणजे कॅव्हिटीचा (आतल्या पोकळीचा) पहिला रेझोनन्स, जिथे लाट आत घुमायला लागते ती फ्रिक्वेन्सी, कागदावर मांडला तरी ६२५ मेगाहर्ट्झ येतो, आणि आत पीसीबी असला की तो थोडा खाली सरकतो, म्हणजे लॅबमधलं ६२० आपलं आपण जुळलं. आता खरी कटकट मेशची, म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे बारीक तुकडे (सेल) पाडायची. फट ०.२ मिलिमीटर आणि बॉक्स ४०० चा, फटीत सेल बसवायला गेलं की सेल्सची संख्या बेसुमार वाढते आणि टाइम डोमेन सॉल्व्हरमध्ये (लाट वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे नेणाऱ्या हिशोबात) सगळ्यात छोटा सेल टाइम स्टेप ठरवतो, त्यात धातूच्या डब्यात एनर्जी लवकर मरत नाही, ती घंटेसारखी वाजत राहते, त्यामुळे रन संपता संपत नाही. यावर उपाय म्हणजे फट मेश न करता तिचं थिन स्लॉट किंवा सीम मॉडेल (फटीचं तयार सूत्र) लावायचं, सीएसटी या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या टीएलएम सॉल्व्हरमध्ये ही सोय आहे. ओपनईएमएस हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला उत्तम, पण तिथे मेशच्या रेषा स्वतः विचार करून टाकाव्या लागतात.

या वेळी ६२० च्या आसपास ग्राफ शून्याच्या खाली गेला. म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला आतलं फील्ड बाहेरच्यापेक्षा जास्त, डबा असण्यापेक्षा नसलेला बरा! अजून एक गोष्ट, मॉडेलमध्ये आतलं फील्ड मोजायचा प्रोब मी आधी फक्त मधोमध ठेवला होता. ६२५ च्या पुढचा एक मोड (रेझोनन्स) ९०० मेगाहर्ट्झच्या जवळ आहे, त्याचं फील्ड बरोबर मध्यावर शून्य असतं, त्यामुळे तिथे ग्राफ एकदम छान दिसतो. प्रोब एका बाजूला सरकवला, लाट ३०० मिलिमीटरच्या बाजूने सोडली आणि खड्डा दिसला. तेव्हापासून मी जिथे जिथे महत्त्वाचा आयसी आहे तिथे प्रोब ठेवतो, आणि लाटेच्या निदान तीन दिशा, दोन्ही पोलरायझेशन (फील्ड उभं आणि आडवं).

दुरुस्ती तशी साधी होती. कोटिंगच्या आधी फ्लँजला मास्किंग, फोमच्या आतल्या बाजूने कंडक्टिव्ह गॅस्केट, आणि स्क्रू दर ८० मिलिमीटरला. काका म्हणाले, "एवढे स्क्रू कशाला, पाणी तर आत्ताही जात नाही." त्यांचं बरोबर आहे, इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांच्याकडून डबा पाण्यासाठीच मागितला. ८० ची फट १.८ गिगाहर्ट्झच्या पुढे वाजते, आमची टेस्ट १ गिगाहर्ट्झला संपते, हे त्यांना सांगितलं आणि ड्रॉइंगवर लाल पेनने "इथे पेंट नको" असं मराठीतच लिहिलं.

दुसऱ्या सॅम्पलला ६२० शांतपणे पार झालं. फक्त १५० मेगाहर्ट्झच्या आसपास डिस्प्ले किंचित थरथरतो, आणि तिथे डब्याचा दोष नाही, प्लास्टिक ग्लँडमधून (केबल भोकात घट्ट धरणाऱ्या बुचातून) दोन मीटर बिनशील्डची केबल आत येते ती लाट सोबत घेऊनच येते. आता केबलसकट मॉडेल चालू आहे आणि काकांकडे पितळी ग्लँडची ऑर्डर दिलीये.