तुम्ही विचारलंत म्हणून: सोत्निकोव्हच्या मरणाने वाचले कोण?

लारिसा शेपित्को यांचा ‘द असेंट’ हा १९७७ सालचा सोव्हिएत चित्रपट मी आग्रहाने ज्यांना दाखवला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी नंतर मला एकच प्रश्न विचारला आहे: सोत्निकोव्हच्या मरणाने एकाही माणसाचा जीव वाचला नाही, मग त्याला बलिदान का म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या बेलारूसमध्ये, ऐन हिवाळ्यात, गनिमी तुकडीतले दोघे जण अन्न शोधायला निघतात. सोत्निकोव्ह आधीच खोकल्याने बेजार झालेला आणि त्यात त्याच्या पायाला गोळी लागते, तेव्हा धट्टाकट्टा रिबाक मागे फिरून त्याला बर्फातून ओढत नेतो. पुढे देमचिखा या तीन लेकरांच्या आईच्या घरी ते माळ्यावर लपलेले असताना सोत्निकोव्हला खोकल्याची उबळ येते आणि तिघेही पकडले जातात. त्या बाईवर आपल्यामुळे संकट ओढवले, हे तो जाणतो. म्हणून फाशीच्या दिवशी सकाळी तो सगळा गुन्हा स्वतःच्या माथी घेऊ पाहतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. गावचा म्हातारा मुखिया, देमचिखा आणि बास्या ही लहानगी ज्यू मुलगी त्याच्याबरोबरच फासावर जातात.

मला याचे उत्तर चौकशीच्या खोलीत सापडते. जर्मनांची चाकरी पत्करलेला पोर्तनोव्ह सोत्निकोव्हच्या छातीवर तापल्या लोखंडाने ताऱ्याचा डाग देववतो, पण त्याला तुकडीच्या ठावठिकाण्याहूनही अधिक काही हवे असते. मरणापुढे प्रत्येक माणूस मोडतोच, याची त्याला ग्वाही हवी आहे, कारण ती मिळाली तरच त्याची स्वतःची लाचारी माणसाचा स्वभावधर्म ठरेल. सोत्निकोव्ह ती ग्वाही देत नाही. सत्तेला त्याचा देह मिळतो, ही एक गोष्ट मिळत नाही.

आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मिळते. वधस्तंभापाशी जमवलेल्या गावकऱ्यांत टोकदार टोपी घातलेला एक मुलगा उभा आहे. सोत्निकोव्ह त्याच्याकडे पाहून किंचित हसतो आणि मुलाचे डोळे भरून येतात. शेपित्को या दोन चेहऱ्यांवर कॅमेरा इतका वेळ ठेवतात की मला दर वेळी श्वास रोखल्यासारखे होते.

रिबाकला मात्र भ्याड म्हणू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मित्राला पाठ न दाखवणारा, जगण्याची ओढ असणारा हा माणूस ‘आधी जीव वाचवू, मग पळून जाऊ’ एवढाच हिशेब करून जर्मनांच्या पोलिसांत सामील होतो. फाशीनंतर गर्दीतली एक बाई त्याला ‘जूडास’, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणते. ठाण्याच्या आवारातल्या संडासात तो कमरेच्या पट्ट्याने गळफास घेऊ पाहतो, तेही त्याला साधत नाही. मग तो बाहेर येतो. फाटक उघडे असते, पलीकडे बर्फाने झाकलेला मोकळा मुलूख दिसत असतो, आणि रिबाक तिथेच रडत राहतो.