आमची वाटचाल : ओढ्याच्या पाण्यावरची वीज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप. गुऱ्हाळाचे चरक आणि पंपांचे शाफ्ट, यांवर घर चालायचं. एक दिवस शाहूवाडीकडच्या एका वाडीतले चौघं आले. "दादा, आमच्या ओढ्यावर वीज होईल का?" वडील म्हणाले, "पाणी मोजू, मग सांगतो."

ओढा अडवून सगळं पाणी एका पाइपातून काढलं, खाली २०० लिटरचं बॅरल धरलं. ५ सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला ४० लिटर. प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्यानं उतार मोजला, तो ३० मीटर निघाला. पाणी, उंची आणि ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) यांचा गुणाकार १२ किलोवॅटच्या आसपास जातो. पाइप, पाण्यानं फिरणारं चक्र (टर्बाइन), पट्टा आणि जनरेटर आपापला वाटा घेतात, हाती निम्मी वीज लागते. वाडीला ६ किलोवॅट पुष्कळ होते.

चक्र आम्हीच केलं. लोखंडी पाइप उभा चिरून पाती काढली आणि दोन गोल तबकड्यांमध्ये वेल्डिंग केली. अशा क्रॉसफ्लो चक्रात पाणी पात्यांना आत शिरताना ढकलतं, बाहेर पडतानाही. पट्ट्यानं वेग वाढवून चार पोलचा (चार चुंबकीय ध्रुवांचा) जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर आणला की ५० हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेचीच वारंवारता मिळते.

पहिल्याच पावसाळ्यात घात झाला. रात्री पिठाची गिरणी बंद केली, भार एकदम उतरला, चक्र सुसाट सुटलं आणि व्होल्टेज चढून वाडीतले सगळे बल्ब उडाले. चूक आमचीच. मग कंट्रोलर बसवला. वापरात नसलेली वीज तो टाकीतल्या हीटरकडे वळवतो, त्यामुळे जनरेटरवरचा भार कायम राहतो. पहाटे अंघोळीला गरम पाणी मिळू लागलं, आणि बायकांना कंट्रोलर सगळ्यात जास्त आवडला!

सह्याद्रीतले बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात. म्हणून पाणी आम्ही पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा मोजतो. वीज किती महिने मिळेल ते आधीच स्पष्ट सांगतो. त्यापायी काही ऑर्डरी गेल्या, त्याचं वाईट वाटत नाही.

वाडीतलं ते पहिलं चक्र गाळानं झिजलं. आता पाइपाच्या तोंडाशी गाळ बसायला टाकी आणि पालापाचोळ्याला जाळी असल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. जुनं चक्र वर्कशॉपच्या दारात टांगलंय. टाकीचा खर्च वाचवू म्हणणाऱ्याला मी त्याच्या पात्यांच्या कडांवरून बोट फिरवायला सांगतो.